रिकामी न दिसलेली जागा

आडे सर गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या शेतात हळद शिजत होती. आबा कढईखाली जाळ सारत होते, आई आणि मी शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरत होतो. कैलास, माझा बी.ए.चा वर्गमित्र, मोटरसायकल बांधाशी लावून तसाच बसून राहिला. एरवी तो आला की लांबूनच "काय मॅडम, काय चाललंय?" असं चिडवत यायचा. त्या दिवशी मीच जवळ गेले. "सुमन, आडे सर गेले. नांदेडला दवाखान्यात. पहाटे." मी त्याला म्हटलं, "पण आज तर त्यांचा बाराचा तास असतो." हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला कळलं नाही. कैलासनं मान खाली घातली आणि "व्हय," एवढंच म्हणाला. आबांनी कपाळावरचा घाम पुसला. "कोण, ते तुमचे आकड्यांचे सर? तरणेच होते की…" म्हणाले, आणि जाळ कमी केला.

त्याला आता दीड महिना होत आला. शेषराव आडे हे सेनगावच्या आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांचं गाव म्हणजे कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत असलेला एक तांडा. तांड्यातले पहिले एम.ए. तेच. पण कॉलेजच्या नोकरीत ते कधीच नव्हते. ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचंच मानधन, सुट्टीत काही नाही, आजारी पडलात तर काही नाही, आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज. अर्थशास्त्राची जागा मंजूर होती, पण शासनानं भरती थांबवली होती, म्हणून ती भरत नव्हते. सकाळी हिंगोलीच्या एका कॉलेजात दोन तास, मग जीपनं सेनगाव, दुपारी आमचे तास… असं त्यांनी किती वर्षं केलं ते मी मोजलेलं नाही. मी कॉलेजात आले तेव्हाही ते तसेच होते, आणि गेले तेव्हाही तसेच.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी वर्गात मागं बसायची आणि कुणी काही विचारू नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करायची. अर्थशास्त्राच्या पुस्तकात सरकारच्या तुटीचे आकडे होते, इतके हजार कोटी, तितके हजार कोटी. मला ते वाचून भीती वाटायची. एवढी तूट असलेला देश चालतो तरी कसा? सर वर्गात आले, पुस्तक मिटलं आणि त्यांनी विचारलं, "दीड क्विंटल ओझं जास्त का कमी?" कुणी म्हटलं जास्त, कुणी म्हटलं कमी. कैलास म्हणाला, "सर, माह्या पाठीवर दिलं तर लईच जास्त." सगळे हसले. सरही हसले. "बराबर. म्हणजे आधी विचारायचं, कुणाच्या पाठीवर?"

मग त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य गावोगाव न्यायचे. लदेणी म्हणायचे त्याला. कळपातला प्रत्येक बैल आजोबांच्या ओळखीचा होता. कुठल्याला किती झेपेल ते पाहून ते गोणी भरायचे, सगळ्यांना सारखी गोणी कधीच नाही. "सरकार कमावतं त्याच्याहून जास्त खर्च करतं, आणि मधलं अंतर उसनं काढतं. ती तूट," सर म्हणाले. "ती किती कोटी हे ऐकून घाबरू नका. सगळ्या देशानं मिळून वर्षभरात जेवढं पिकवलं, बनवलं, कमावलं, त्याच्या शंभर भागांतले किती भाग, ते पाहा. ओझं बैलाशी मोजायचं." मी पहिल्यांदाच वहीत काही लिहिलं, आणि लिहिलेलं मला समजलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी सरांचा तास वर्गात होत नसे. स्टँडजवळ रशीदभाईंचं चहाचं हॉटेल होतं, तिथं टीव्ही होता. देशाचा अर्थसंकल्प मांडला जायचा त्या सकाळी सर आम्हाला तिथं घेऊन जायचे. पण सेनगावात मुली हॉटेलात बसत नसत. पहिल्या वर्षी आम्ही तिघी मुली बाहेर लिंबाखालीच उभ्या राहिलो. सर एकदा आमच्याकडे बघत होते, एकदा टीव्हीकडे. शेवटी ते आत जाऊन रशीदभाईंशी काहीतरी बोलले. थोड्या वेळानं भाभींनी मागचं दार उघडून हाक मारली, "आओ बेटा, इधर से आओ. इधर कोई नहीं देखता." भाभींच्या स्वयंपाकघरात भजी तळायची कढई होती, आणि मधलं दार उघडं ठेवलं की टीव्ही थेट समोर दिसायचा. त्यानंतर दरवर्षी आम्ही तिथंच बसलो. भाभी भजी तळता तळता विचारायच्या, "ये साहब इतनी देर क्या पढ़ता?" आणि आम्ही त्यांना जमेल तसं सांगायचो.

सरांचा नियम असा होता, की भाषणाच्या आधी प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, यंदा तूट किती टक्के सांगतील. पाच पॉइंट एवढे, चार पॉइंट तेवढे. कारणही एका वाक्यात लिहायचं. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ, त्याला भज्यांची पहिली प्लेट. आता हॉटेलात बसलेल्या चार लोकांना हे काय दिसणार? एक शिकलेला माणूस, भोवती पोरं, हातात चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर आकडे… त्यांना वाटलं, मास्तर मटक्याचा नंबर काढून राहिले. एका वर्षी सरांनी स्वतःच्या चिठ्ठीवर पाच पॉइंट सहा लिहिलं होतं. शेजारच्या बाकावरच्या पुंजाजी काकांनी ते तिरक्या नजरेनं वाचलं, मधला पॉइंट सोडून दिला, आणि जाऊन छप्पनची जोडी लावली. आणि ती लागली.

पुढच्या वर्षी आम्ही पोचलो तर हॉटेलात बसायला जागा नव्हती. पुंजाजी काका सगळ्यांत पुढं, टोपी नीट करून. "सर, औंदाचा आकडा काय म्हंता?" सरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ते म्हणाले, "काका, हा तो आकडा न्हाई." काका म्हणाले, "आम्हाला काय करायचं त्याच्याशी. लागतो ना?" रशीदभाई गल्ल्यावर पोट धरून हसत होते. सर म्हणाले, "सांगतो. पण आधी पंधरा मिनिटं मी काय बोलतो ते ऐकावं लागंल." आणि पुंजाजी काकांसकट मटक्याच्या नादातली ती सगळी माणसं चहा थंड होईपर्यंत तूट म्हणजे काय ते ऐकत बसली. एकानं विचारलं, "मंग सरकार उसनं घेतं कोणाकून?" सर म्हणाले, "पोस्टात पैसे ठेवता ना तुमी? थोडं तुमच्याकून बी." तो माणूस म्हणाला, "मला कोणी विचारलं न्हाई." सर त्याला म्हणाले, "हाच खरा प्रश्न आहे." शेवटी आकडा मात्र त्यांनी सांगितला नाही. पुंजाजी काका जाताना पुटपुटले, "मास्तर हुशार हाय, पर कंजूस हाय." सरांना ते इतकं आवडलं, की महिनाभर ते स्वतःच सांगत सुटले होते.

त्याच दिवशी हॉटेलातून परत येताना मी त्यांना एक विचारलं. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि थोडी धीट झाले होते. सरांनी वर्गात सांगितलं होतं, की तूट मर्यादेत आणायचा आता कायदाच झालाय, आणि राज्यांनाही तेच करायला सांगून राहिलेत. मला वाटलं, तूट आटोक्यात आली की सरकारचा हात मोकळा होईल. मी म्हटलं, "सर, तूट कमी झाली की तुमची जागा निघंल ना मग?" सर चालत राहिले. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी आल्यावर थांबले. मग म्हणाले, "उलटं आहे, सुमन. जागा निघत न्हाई म्हणून तूट कमी व्हायलीय." मला लगेच कळलं नाही. ते म्हणाले, "तो आकडा आहे ना, त्याच्या पॉइंटच्या उजवीकडं… लई लांब, कोणी वाचत न्हाई तिथं… मी आहे. माह्यासारखे सगळे आहेत." आणि हसले. ते हसणं मला आजही आठवतं, कारण त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पण ते तुटीच्या बाजूनं किंवा विरुद्ध असं सरळ कधी बोलले नाहीत. एकदा आम्ही चारपाच जण त्यांच्या तांड्यावर गेलो होतो. त्यांची आई, त्यांना ते याडी म्हणायचे, भाकरी थापत होती. बोलता बोलता सरांनी तिला सांगितलं, की सरकारला ओझं कमी करायचंय म्हणून भरती बंद आहे. ती म्हणाली, "तुझा आजा ओझं कमी करायचा तर गोणी उतरवायचा. बैलाचा चारा न्हाई काढायचा." सर म्हणाले, "याडी, गोणी उतरवायची म्हणलं की ज्याची गोणी त्यो आडवा पडतो. चारा काढला तर बैल बोलत न्हाई." ती म्हणाली, "तू बी बोलत न्हाईस." त्यावर सरांनी ताटातली भाकर मोडली आणि विषय बदलला. याडीला दुसरंच दुःख होतं. स्थळं यायची, मुलगा शिकलेला म्हणून आवडायचा, आणि "परमनंट हाय का?" या एका प्रश्नाशी येऊन सगळं थांबायचं. सर म्हणायचे, "जागा निघाली की बघू." ही "जागा" त्यांच्या घरात एखाद्या माणसासारखी राहायची. ती येणार म्हणून घर रंगवायचं राहिलं, विहिरीवर मोटार बसवायची राहिली, लग्न राहिलं. चाळिशी जवळ आली.

मी एम.ए.ला हिंगोलीला गेले. तिथं सर कधी सकाळी स्टँडवर दिसायचे, जीप भरायची वाट बघत. शेवटची भेट संक्रांतीनंतरची. त्यांनी हात वर केला आणि मी जवळ गेले तर त्यांचे डोळे पिवळे दिसले. "सर, कावीळ आहे ही. दाखवलं का?" "दाखवतो. तिसऱ्या वर्षाचं एक प्रकरण ऱ्हायलंय, तेवढं होऊ दे." मी म्हटलं, "चार दिवस सुट्टी घ्या ना." तेव्हा ते जरा वेगळं बोलले. नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "सुमन, एक गोष्ट मला उशिरा कळली. मी इतकी वर्षं प्रत्येक तास घेतला. एक बी सोडला न्हाई. लोकांना वाटतं, चांगलं केलं. पण तास होतात म्हणून जागा रिकामी दिसतच न्हाई. ती रिकामी दिसली असती तर कदाचित भरली असती कोणी." मी विचारलं, "मग तास घेऊ नयेत का, सर?" जीपवाला ओरडत होता, सेनगाव, सेनगाव. सर आत चढले, खिडकीतून म्हणाले, "समोर पोरं बसल्यावर ते जमत न्हाई ना." एवढंच. नंतर मी परीक्षेच्या तयारीला गावी आले, आणि पंधरवड्यातच कैलास बांधावर आला.

यंदाचा अर्थसंकल्प झाला त्या दिवशी मी मुद्दाम सेनगावला गेले होते. रशीदभाईंनी टीव्ही लावून ठेवला होता. समोर कुणी नव्हतं. भाभींनी मागचं दार उघडलं, माझ्यापुढं भजी ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. पुंजाजी काका बाहेर बाकावर बसले होते. "आकडा सांगितला का सरकारनं?" त्यांनी विचारलं. मी सांगितला. "कमी झाला का वाढला?" मी म्हटलं, "कमी झाला, काका." ते म्हणाले, "हां… मास्तर खुश झाले असते."

तिथून निघताना प्राचार्य सर भेटले. म्हणाले, "बरं झालं भेटलीस. आडे सरांचं एक प्रकरण राहिलंय. परीक्षा तोंडावर आली. तू एम.ए. करून राहिलीस, सरांची विद्यार्थिनी… तेवढं घे. मान्यतेचं, मानधनाचं पुढं बघू." मी म्हटलं, विचार करून सांगते. घरी आले तर आबांना आनंद झाला. "आपल्या घरातली पोरगी कॉलेजात शिकवणार म्हंजे काय," असं ते आईला दोनदा म्हणाले. मला मात्र रात्रभर सरांचं स्टँडवरचं बोलणं ऐकू येत होतं. मी तास घेतले तर सरांची जागा त्यांच्या जाण्यानंतरही रिकामी दिसणार नाही. माणूस गेला तरी कळणार नाही, की तिथं कुणी नाही. आणि नाही घेतले तर… ती पोरं परीक्षेला कशी बसतील? त्यांतल्या निम्म्या मुली माझ्यासारख्याच, घरातून पहिल्यांदा आलेल्या. मला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि ज्यांना विचारलं असतं तेच नव्हते.

म्हणून मी तांड्यावर गेले. याडी अंगणात बसली होती. मला तिनं ओळखलं, जवळ बसवलं, माझ्या हातावरची हळद बघत म्हणाली, "औंदा हळद चांगली पिकली दिसती तुमची." मी तिला सगळं सांगितलं, प्राचार्य काय म्हणाले, सर काय म्हणाले होते, आणि मी तास घेतले तर सरांची जागा भरायची राहील असं मला का वाटतं. ती ऐकत राहिली. जागा हा शब्द आला तशी तिनं हात वर करून मला थांबवलं. "त्या जागेचं नाव काढू नको माह्यापुढं. माह्या लेकराचं सगळं वय तिनं खाल्लं." एक शेळी येऊन तिच्या पदराला तोंड लावत होती, तिला तिनं हलकेच बाजूला केलं. "त्याचं शिकवायचं किती ऱ्हायलं म्हणलीस?" "एक प्रकरण." "ते कशाचं हाय?" मी सांगितलं, सरकारच्या तुटीचं. ती म्हणाली, "ऱ्हायलेलं अर्धं सोडवत न्हाई. त्यालाबी सोडवलं नसतं. ते कर. मंग काय करायचं ते तुझं तू बघ."

प्राचार्य सरांना मी सांगितलं, फक्त हे एक प्रकरण, परीक्षेपर्यंत. ते थकल्यासारखे म्हणाले, "आडे सरबी पहिल्या वर्षी असंच म्हणाले होते. फक्त एवढं वर्ष." त्यात टोमणा नव्हता. त्यांनी स्वतः दोनदा जागेसाठी मुंबईला खेटे घातले होते, हे मला माहीत आहे.

पहिल्या दिवशी मी वर्गात गेले. पोरं उभी राहिली. मी फळ्यावर प्रकरणाचं नाव लिहिलं आणि जे सरांकडून शिकले होते ते माझ्या शब्दांत सांगायला लागले. तूट कशाला म्हणतात, ती देशाच्या उत्पन्नाशी का मोजतात. मधल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, टक्केवारी खाली आली म्हंजे चांगलंच झालं ना?" मला हो म्हणता आलं असतं, पुस्तकात तसंच आहे. मी म्हटलं, "खाली आली हे कळल्यावर आणखी एक विचारायचं. काय काय कमी करून खाली आली?" तिनं ते लिहून घेतलं.

बेल झाली. मी डस्टर टेबलावर ठेवून दाराकडे निघाले. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सर लगेच न्हाई जायचे. पुढचे सर येईस्तोवर दारात थांबायचे." मी विचारलं, "पुढचा तास कुणाचा आहे?" "भूगोलाचा." "मग येतीलच ना ते आता." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तीच मुलगी म्हणाली, "भूगोलाला दिवाळीपासून कोणी न्हाई, मॅडम." मी म्हटलं, "मग आडे सर किती वेळ थांबायचे?" "पुढची बेल होईस्तोवर," ती म्हणाली. "आमी म्हणायचो, सर, तुमीच काहीतरी शिकवा. ते आत येत नव्हते. नुसते दारात उभे ऱ्हायचे."

मी दारात उभी राहिले. आत पोरं हळू आवाजात बोलत होती, कुणी वही उघडली होती. बाहेर व्हरांड्यात ऊन आलं होतं. शिपाई गेला, दोन प्राध्यापक गेले, शिक्षणखात्यातून कामाला आलेला एक माणूस फायली घेऊन गेला. जाताना प्रत्येकजण आधी माझ्याकडे आणि मग वर्गात बघायचा. भरलेले बाक आणि मोकळी खुर्ची. मला आत जाऊन काहीतरी शिकवावंसं फार वाटत होतं. मी गेले नाही; गेले असते तर ती खुर्ची मोकळी दिसली नसती.

बऱ्याच वेळानं प्राचार्य सर आले. थांबले. "तास संपला ना तुझा? इथं काहून उभी?"

"पुढचे सर यायचेत," मी म्हटलं.

त्यांनी वर्गात पाहिलं, मोकळ्या खुर्चीकडे पाहिलं. थोडा वेळ तेही माझ्या शेजारी उभे राहिले.